तो पैसा लेकीचा आहे!

"ताई, मला त्याचा एक पैसासुद्धा नको. माझी लेक तेवढी माझ्याजवळ राहू दे, बास!"

दर गुरुवारी दुपारी महिला मंडळाच्या खोलीत आम्ही तिघी-चौघी बसतो. गुरुवार हा आमच्याकडचा बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतल्या बायका बाजाराच्या निमित्ताने येतात, भाजीची पिशवी भिंतीशी टेकवून ठेवतात आणि मनातलं बोलतात. "मला त्याचं काही नको" हे वाक्य मी तिथे इतक्या वेळा ऐकलंय, की आता समोरची जरा ताठ बसली की मला कळतंच, पुढे काय येणार ते.

मागच्या वर्षी आलेली ही बत्तिशीतली मुलगी. बी.ए. झालेली, गावातल्या एका खासगी शाळेत बालवाडीच्या वर्गावर, पगार नऊ हजार. नवरा चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर, हातात छत्तीस हजार येणारा. तीन वर्षं ती माहेरी होती. लेक दहा वर्षांची, पाचवीत. भांडणं, समजुती, पंच, बैठका सगळं होऊन आता दोघांच्या संमतीने सोडचिठ्ठी घ्यायचं ठरलं होतं. कागद तयार होते, सोमवारी सह्या करायच्या होत्या. ती विचारायला नव्हतीच आली. "एकदा वाचून बघा, शुद्धलेखनाची चूक नाही ना" एवढ्यासाठीच आली होती.

वाचता वाचता एका ओळीवर मी थांबले. "मुलीच्या पोटगीबाबत पत्नीची कोणतीही मागणी नाही व भविष्यातही राहणार नाही."

"ही ओळ कुणी घातली गं?"

"मीच सांगितली. भाऊ म्हणाला, मिटवून टाक एकदाचं. आई म्हणते, त्याच्या पैशाला हात लावलास तर उद्या तो पोरगीच मागेल. आणि ताई, मलाही नकोच आहे. माझं मी बघेन."

"तुला नको हे कळलं. पण लेकीला विचारलंस का, तिला हवाय की नकोय?"

ती गप्प झाली. लेक तिच्या शेजारीच बसून फळ्यावर खडूने काहीतरी काढत होती. तिच्या चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे काळा दोरा गुंडाळलेला. मी सहज विचारलं, तर ती मुलगीच म्हणाली, "नंबर पण वाढलाय. आईचा पगार झाला की नवीन करणार आहोत." शेवटच्या बाकावर बसली की फळा दिसत नाही, म्हणून ती पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीशी रोज डब्यातला खाऊ देऊन जागा बदलत होती. आईलाही हे त्या दिवशीच कळलं.

मैत्रिणींनो, आज लिहायचंय ते या दोऱ्याबद्दल!

हक्क कुणाचा?

आपल्याकडे पोटगी म्हटलं की डोळ्यासमोर येते ती नवऱ्याकडे हात पसरणारी बायको. त्यामुळे मानी बाई तो हात मागे घेते. तिचा मान मला समजतो. पण बायकोची पोटगी ही एक गोष्ट आणि मुलाचा निर्वाह खर्च ही अगदी वेगळी. पहिल्यावर तुम्ही पाणी सोडलंत तर तो तुमचा निर्णय. दुसरी गोष्ट मुलाची आहे, आणि जी आपली नाही ती सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुलाचा पोटगीचा हक्क आई परस्पर सोडू शकत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे वर दिलेल्या ओळीवर सही झाली तरी लेकीचा हक्क पुसला जात नाही. तिच्यासाठी नंतरही अर्ज करता येतो. फक्त तोवर दोन-चार वर्षं वाया जातात, आणि मुलं काही त्यासाठी वाढायची थांबत नाहीत.

कायदे काय म्हणतात ते थोडक्यात सांगते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याचं कलम २० सांगतं की अपत्याला सांभाळण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांची आहे. अपत्य औरस असो वा अनौरस, त्याने फरक पडत नाही. अविवाहित मुलगी स्वतःचं भागवू शकत नसेल, तर तिच्याबाबत ही जबाबदारी अठराव्या वर्षानंतरही राहते. घटस्फोटाचा किंवा विभक्त राहण्याचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, खर्च, शिक्षण यांबद्दल न्यायालय आदेश देऊ शकतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, त्याच्या कलम २० खाली बाईबरोबर मुलांसाठीही रक्कम मागता येते.

आणि सगळ्या धर्मांच्या बायका-मुलांना लागू असलेलं, पूर्वी ज्याला सगळे नुसतं "एकशे पंचवीस" म्हणत, ते कलम. आता त्याचा नंबर बदललाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्यात ते कलम १४४ झालं. जुन्या कलमात एके काळी महिना ५०० रुपयांची मर्यादा होती, ती २००१ साली काढून टाकली गेली. आपल्या मुस्लिम मैत्रिणींनीही लक्षात ठेवावं, की घटस्फोट झाला तरी लहान मुलांचा या कलमाखालचा हक्क बापाविरुद्ध कायम राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच दिलेला आहे.

पोटगी या शब्दात पोट आहे, म्हणून लोक समजतात की दोन वेळच्या जेवणापुरतंच. तसं नाही. अन्न, कपडे, निवारा, औषधपाणी आणि शिक्षण हे सगळं त्यात येतं.

किती, हा खरा प्रश्न

"ताई, पगाराच्या किती टक्के मिळतात?" हा मला हमखास विचारला जाणारा प्रश्न. कुणी सांगतं पंचवीस टक्के, कुणी तेहेतीस. खरं म्हणजे आपल्याकडे असा ठरलेला तक्ता कुठल्याच कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ सालच्या एका निकालात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम पत्नीसाठी रास्त धरली होती, त्यावरून हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. पण तो नियम नाही, आणि मुलांचा तर नाहीच नाही.

मग ठरवतात कसं? दोन गोष्टी बघतात. मुलाची गरज किती, आणि आईबापांची ऐपत किती. गरज ठरली की ती दोघांच्या ऐपतीच्या प्रमाणात वाटली जाते.

याचं अगदी सोपं उदाहरण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा हा निकाल. त्यात नवरा-बायको दोघंही कमावते होते, पण नवऱ्याचं उत्पन्न सुमारे दुप्पट. न्यायालयाने दर मुलामागे महिना ३,००० रुपये खर्च धरला आणि तो दोघांनी दोनास एक अशा प्रमाणात उचलावा असं सांगितलं. म्हणजे बापाचे दोन हजार, आईचा एक हजार. बायको कमावते म्हणून बाप सुटला नाही, आणि बाप जास्त कमावतो म्हणून आईही पूर्ण सुटली नाही.

दुसरा निकाल तर आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेला. रजनेश विरुद्ध नेहा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं हे प्रकरण. पत्नीने २०१३ साली अर्ज केला तेव्हा मुलगा तान्हा होता. २०१५ साली न्यायालयाने पत्नीला महिना १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व सप्टेंबर २०१५ पासून १०,००० अशी अंतरिम पोटगी दिली. बघा, मूल वाढतं तसा खर्च वाढतो हे न्यायालयानेही धरलं. नवरा वर वर अपील करत गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच आदेश कायम केला. पण तेवढ्यावर न थांबता देशभरातल्या न्यायालयांसाठी पोटगी कशी ठरवावी याची रीतच घालून दिली.

त्यात मुलांबद्दल म्हटलंय, की खाणं, कपडे, राहणं, औषधोपचार, शिक्षण हे तर धरायचंच, पण शिकवणीचा किंवा एखाद्या कौशल्याच्या वर्गाचा खर्चही धरायचा. मात्र तो वाजवी असावा, उधळपट्टी नको. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे बापाने उचलावा, आणि आई पुरेसं कमावत असेल तर तो दोघांत प्रमाणानुसार वाटावा. आणखी एक मोलाची गोष्ट: पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची, आदेशाच्या तारखेपासून नव्हे. म्हणून अर्ज जितका लांबवाल तितकं मुलाचं नुकसान.

वही आणि पेन

त्या गुरुवारी मी तिला म्हटलं, "सोमवारला अजून तीन दिवस आहेत. आधी लेकीचा महिन्याचा खर्च लिहून काढ." ती म्हणाली, "काय असणार ताई, दोन-अडीच हजार." आपण बायका घरखर्चाची वही लिहितो, पण मुलांचं वेगळं कधी लिहित नाही. ते आपल्या ताटातच मिसळून गेलेलं असतं. मग आम्ही दोघी बसलो.

शाळेची फी वर्षाची १४,४००, म्हणजे महिन्याला १,२००. शाळेची रिक्षा ७००. वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तर, सहल असं वर्षाचं ६,०००, म्हणजे महिना ५००. गणिताची शिकवणी ६००. दूध, फळं, डबा धरून खाणंपिणं २,६००. डॉक्टर, औषधं, चष्मा ४००. कपडे, चपला, सणवार ४००. इथवर झाले ६,४००.

"झालं?" तिने विचारलं.

"राहते कुठे ती? रस्त्यावर?"

भावाचा संसार वाढला तशी ही वर्षभरापूर्वी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली होती. भाडं, लाईट, गॅस मिळून महिन्याचे ४,२०० पडत. त्यातला अर्धा वाटा लेकीचा, २,१००. एकूण बेरीज ८,५००. ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. "म्हणजे ताई, माझ्या पगारातले पाचशे रुपये उरतात, आणि त्यात मी?" भावाकडून धान्य येत होतं, आई चोरून चारशे-पाचशे हातावर ठेवत होती, म्हणून चाललं होतं. चष्म्याला दोरा का होता, ते त्या बेरजेत दिसत होतं.

आता वाटणी. त्याचे छत्तीस, हिचे नऊ. चारास एक. ८,५०० चे पाच भाग केले तर एक भाग १,७००. आईचा एक भाग, १,७००. बापाचे चार, ६,८००. हा हिशेब तिसरी-चौथीच्या गणिताचा आहे. सातवी शिकलेल्या बाईलाही करता येईल.

आणखी एक रीत सांगते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ साली एका प्रकरणात कुटुंबाचं सगळं उत्पन्न एकत्र धरून त्याचे वाटे पाडले. नवऱ्याला कमवण्यासाठी जादा खर्च येतो म्हणून दोन वाटे, बाकी प्रत्येकाला एकेक. आपल्या उदाहरणात दोघांचे मिळून ४५,००० होतात. नवऱ्याचे दोन, आईचा एक, लेकीचा एक, असे चार वाटे. एक वाटा ११,२५० रुपयांचा. मायलेकींचे मिळून २२,५००, त्यातून आईचे स्वतःचे ९,००० वजा केले तर नवऱ्याकडून १३,५०० येणं. ही रक्कम मोठी दिसते, कारण त्यात आईचाही वाटा आहे. सगळीच न्यायालयं असा हिशेब करत नाहीत. पण यातून एक गोष्ट कळते: मूल बापाच्या घरात राहत नसलं तरी बाप ज्या पायरीवर जगतो, त्या पायरीवर जगण्याचा त्याला हक्क आहे. बापाने गाडीतून फिरायचं आणि लेकीने चष्म्याला दोरा बांधायचा, हे कायद्याला मान्य नाही.

"मी कमावते, मग काही मिळणार नाही ना?"

हा समज फार खोल रुजलेला आहे. शिवणकाम करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या कितीतरी जणी मला सांगतात, "तो म्हणतो, तू कमावतेस, तुला कोर्ट दारातही उभं करणार नाही." तर असं काही नाही. आईच्या कमाईमुळे बापाचा वाटा कमी होऊ शकतो, पण शून्य होत नाही. आणि बाई कमवू शकते आणि बाई कमावते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलंय. पदवी असली म्हणजे पगार असतोच असं नाही. मूल सांभाळायला नोकरी सोडलेली असेल तर तेही न्यायालयापुढे मांडायचं असतं.

माझ्या मते यात एक न लिहिलेला खर्चही आहे. पहाटे डबा करणं, ताप आला तर रात्रभर उशाशी बसणं, पालकसभेसाठी अर्धी रजा टाकणं, अभ्यास घेणं. हा आईचा वाटा ती रोजच देते आहे, आणि तो कुठल्याही पगारपत्रकावर येत नाही. तुमच्या अर्जात तो चार ओळींत जरूर लिहा. लिहायला लाजू नका.

उलट बाजूही सांगायला हवी. एका प्रकरणात आई सरकारी दवाखान्यात परिचारिका, चांगला पगार. बाप रंगकाम करणारा, मिळेल तेव्हा काम. तिथे मुलाच्या खर्चाचा मोठा वाटा आईकडेच राहिला, आणि ते योग्यच होतं. कायदा आईबाप दोघांना सांगतो. प्रमाण म्हटलं की ते आपल्या बाजूचं असो की विरुद्ध, मानायला हवं. पण त्या बापालाही थोडा तरी वाटा उचलावा लागलाच. थोडा असला तरी तो असावा. "माझ्या शाळेची रिक्षा पप्पा भरतात," असं त्या मुलाला सांगता येतं, त्याचीही किंमत असते.

"माझ्याकडे काहीच नाही!"

घरात असताना मित्रांना पार्ट्या देणारा नवरा न्यायालयात आला की एकदम गरीब होतो. नोकरी सुटली, आई आजारी, कर्ज झालंय. यावर आता उत्तर आहे. २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. समोरच्याने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यावं, अंतरिम पोटगीचा निर्णय शक्यतो चार ते सहा महिन्यांत व्हावा, असंही त्या निकालात म्हटलंय. शेतकऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना आहे. खोटं लिहिलं तर त्याबद्दल कारवाई होऊ शकते. हे तुम्हालाही लागू आहे, तेव्हा आपली शिवणकामाची कमाईही प्रामाणिकपणे लिहा. एकदा खोटं उघडं पडलं की खरं बोललेलंही कुणी मानत नाही.

पगारातून कापला जाणारा आयकर, सक्तीचा भविष्य निर्वाह निधी हे वजा धरतात. पण हौसेने घेतलेल्या गाडीचा हप्ता दाखवून मुलाचा वाटा कमी करता येत नाही. धडधाकट माणसाने "मला काम नाही" म्हणणं ही तर पोकळ सबब, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालच्या एका निकालात सुनावलेलं आहे.

पगारपत्रक नसलेल्या नवऱ्याचं काय? शेती असेल तर सातबारा, आठ अ. दुकान असेल तर परवाना, दुकानाचा फोटो. गाडी, ट्रॅक्टर, नवीन बांधलेलं घर. लग्नात छापलेली पत्रिका आणि स्थळ आलं तेव्हा दिलेली माहिती, ज्यात "पगार चाळीस हजार" लिहिलेलं असतं! घरातून निघताना आपण दागिने आणि कपडे आणतो, कागद विसरतो. जमलं तर कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.

कुठे जायचं?

जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात. तालुक्याच्या गावी बहुधा ते नसतं, तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात कलम १४४ खाली अर्ज करता येतो. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, नवऱ्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. हिंसाचार झाला असेल तर संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर हे नीट वाचा: स्त्रिया आणि मुलांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज करायचा. ही कार्यालयं न्यायालयाच्या आवारातच असतात. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. पोटगीच्या दाव्यात बायकांना कोर्ट फीचीही महाराष्ट्रात माफी आहे.

बरोबर काय न्यायचं? मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा, आधार कार्ड, शाळेच्या फीच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आपलं पगारपत्रक किंवा पासबुक, नवऱ्याच्या कमाईचे जे मिळतील ते कागद. आणि ती खर्चाची वही. आधी कुठे पोटगीचा आदेश झाला असेल तर तो लपवू नका. दुसऱ्या अर्जात तो सांगावाच लागतो.

आदेश झाला, पैसे येत नाहीत

हे दुखणं मोठं आहे आणि इथेच पुष्कळ जणी थकतात. थकलेली रक्कम वसूल करण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. कलम १४४ खालच्या आदेशाची थकबाकी देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत हा अर्ज करायचा, म्हणून "दिवाळीनंतर बघू" असं करत वर्ष घालवू नका. विनाकारण पैसे न देणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि तुरुंगात जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तर नवरा जिथे नोकरीला आहे तिथूनच पगारातून रक्कम परस्पर द्यायला लावता येते. पैसे नेहमी बँक खात्यात घ्या. हातात दिलेले पैसे त्यालाही सिद्ध करता येत नाहीत आणि तुम्हालाही.

मूल मोठं झालं, फी वाढली, कुणाचा पगार वाढला किंवा नोकरी गेली, तर रक्कम बदलून मागता येते. एकदा ठरलं म्हणजे दगडावरची रेघ नव्हे.

आणि एक विनंती. पैसे थकले म्हणून बाप-लेकराची भेट बंद करू नका. भेट हाही मुलाचाच हक्क आहे. एका हक्कासाठी त्याच्या दुसऱ्या हक्काला ओलीस धरायचं नाही. तसंच "पैसे मागितले तर मूल काढून घेईन" या धमकीलाही घाबरू नका. मूल कुणाकडे राहील हे त्याचं हित बघून ठरतं, कोण किती पैसे देतो किंवा मागतो यावर नाही.

मग सोमवारी काय झालं?

सोमवारी तिने सही केली नाही. भाऊ चिडला, दोन दिवस बोलला नाही. तिने वकिलांना सांगितलं, "माझ्यासाठी काही नको, हे राहू दे. पण लेकीची ओळ बदला." वही पुढे ठेवली. नवऱ्याकडून निरोप आला, तीन हजार देतो. मग चार. ती त्याच्याशी भांडली नाही. तिने त्याला फक्त वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "यातलं काय कमी करू ते तूच सांग."

चार दिवसांनी त्याचा स्वतःचा फोन आला म्हणे. आधी कुठला तरी राग काढला, मग विचारलं, "चष्म्याचा नंबर किती झालाय तिचा?"

शेवटी महिना ६,००० वर ठरलं, दर वर्षी ५०० ची वाढ, आणि मोठं आजारपण आलं तर खर्च निम्मा-निम्मा. हिशेबाने ६,८०० यायला हवे होते. "आठशे सोडले ताई," ती म्हणाली. "पण आता मोजून सोडले." पैसे लेकीच्या नावाच्या खात्यात येतात. दोनदा उशीर झाला, तेव्हा तिने आठवण केली, आणि आले.

परवाच्या गुरुवारी ती आली होती, स्वतःसाठी नव्हे. बरोबर शेजारची एक मुलगी होती, कडेवर दीड वर्षाचं पोर. ती मुलगी बसली, जरा ताठ झाली आणि म्हणाली, "ताई, मला त्याचा एक पैसासुद्धा नको..."

मी काही बोलायच्या आतच आमच्या या बालवाडीच्या बाईंनी पिशवीतून कोरी वही काढली, तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "तुझं राहू दे गं. आधी याला दूध किती लागतं ते लिही."